सूचक म्हणून माझी सही

शनि., ८ नोव्हें.
वाचनकट्ट्याला नेहमीचेच लोक, आणि एक नवा.
निवडणूक तोंडावर, म्हणून विषय मीच काढला होता: राजकारणावरच्या विज्ञानकादंबऱ्या, कोणत्या वाचाव्यात आणि का. गोष्ट चंद्रावर नेली की माणसं निवांत ऐकतात. इथलं एक नाव घेतलं की आधी पक्ष विचारतात. हे मला कॉलेजात फिजिक्स शिकवताना कळलं नाही, रिटायर झाल्यावर वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये कळलं.
सुरुवात पाण्यावरच्या कादंबरीने केली, मी तिला पाणीवाली म्हणते. चंद्रावर दोन वस्त्या, एक राज्यपाल. तो पाणी कधीच तोडत नाही. फक्त एका वस्तीला पहाटे देतो, दुसरीला दुपारी, आणि मधूनच अदलाबदल करतो. लोक एकमेकांच्या नळांवर डोळा ठेवून बसतात. राज्यपालाच्या घराकडे कुणी बघत नाही. मी म्हटलं, "सत्ता पाणी तोडत नाही, वेळ वाटते." वाक्य माझं मलाच आवडलं.
नवा माणूस चाळिशीचा. पांढरा शर्ट, टेबलावर गाडीची किल्ली, शेजारी फोन पालथा. तासभर फोन उचलला नाही. असली माणसं फोन खाली ठेवत नाहीत. रेकॉर्डिंग चालू असणार.
शेवटी म्हणाला, "मॅडम, राजकारणाच्या अजून कंच्या हायत? मराठीतच सांगा. इंग्लिशला मला लय येळ लागतो."
पाणीवाली घेऊन गेला. वाचनालय सांभाळणाऱ्या नजमाने पुस्तक नोंदवलं, नाव दामोदर भोईर. तो जिना उतरल्यावर ती हळूच म्हणाली, "मॅडम, हा भाऊंचा माणूस आहे. ऑफिसात त्यांच्या बाजूलाच बसतो."
भाऊ म्हणजे आमच्या प्रभागाचे माजी नगरसेवक, पुन्हा उभे राहणार. वाचनालयाची जागा ज्या मंडळाची, त्याचे अध्यक्षही तेच. त्यांच्या माणसाला चंद्रावरचं पाणी कशाला हवं?

रवि., ९ नोव्हें.
सुरेशला सांगितलं. नवरा म्हणून शांत माणूस, तळोज्याच्या कंपनीत पस्तीस वर्षं शिफ्ट करून आणखी शांत झालाय. म्हणे, "विजू, एक माणूस पुस्तक घेऊन गेला. एवढंच झालंय."
एवढंच झालंय हे मलाही दिसतं. पण गेल्या महिन्यात मंडळाकडे कुणीतरी तक्रार केली होती की वाचनालयात "भलतेसलते विषय" चालतात. कुणी केली, नजमाला अजून कळलेलं नाही. आणि लगेच हा.

शनि., १५ नोव्हें.
आज कट्टा नव्हता. पुस्तकं बदलायला गेले तर भोईर आधीच बसलेला. पाणीवाली वाचून झाली म्हणे. मी परीक्षा घेतल्यासारखं दोन-तीन प्रश्न विचारले. वाचली होती, नीट वाचली होती.
"तो राज्यपाल वाईट दाखवलाय," म्हणाला, "पण त्याचा सचिव हाय ना, वेळापत्रक बनवनारा, त्याच्यावर लेखकानं एक पान बी खर्च केलं नाय."
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात आणून दिल्याचा राग आला.
मग विचारलं, "कट्ट्याला नेहमी कोण कोण येतं, मॅडम? समदे आपल्याच प्रभागातले?"
मी म्हटलं, "येतात कुणी कुणी."
गणतीवाली दिली. तिच्यातल्या शहरात निवडणूक होतच नाही, एक यंत्र प्रत्येकाचं मत आधीच ओळखतं. लोक यंत्राशी खोटं बोलायला लागतात, मग बायकोशी, मग स्वतःशी. जी खरी द्यायला हवी होती ती, बंडवाली, कपाटात मागे सरकवली. का, ते नक्की सांगता येणार नाही. याच्या हातात ती नको, एवढंच.

मंगळ., १८ नोव्हें.
सोसायटीत भांडण. ए विंग म्हणते टँकर बी विंगच्या टाकीत जास्त ओततो. बी विंगच्या बायका म्हणतात आम्हाला दुपारी येतं, तेव्हा आम्ही कामावर. टँकर भाऊंचा. कालपर्यंत एकच वेळ होती, दोघींना सकाळी. बदलली कुणी, वॉचमनलाही माहीत नाही.
गॅलरीत उभी राहून खालचा आरडाओरडा ऐकला. हे मी वाचलंय. मीच वाचायला दिलंय.
सुरेश म्हणाला, टँकरच्या वेळा नेहमीच बदलतात. हो, बदलतात. पण आत्ताच?

शनि., २२ नोव्हें.
कट्टा. भोईर आला, फोन पालथा. या वेळी मी सरळ विचारलं, "रेकॉर्ड करताय का?"
लाजला नाही. "व्हय. गाडी चालवताना ऐकतो. आपट्याला सासुरवाडी हाय, जाता-येता तुमचं येक भाषन होतं."
बाकीचे हसले. मी हसले नाही. बंद करायला सांगितलं, त्याने लगेच केलं. निदान पडदा काळा झालेला दिसला.
आज मुद्दाम गुळमुळीत बोलले. कुठलं पुस्तक सुचवलं नाही. वर्गात इन्स्पेक्शनच्या दिवशी शिकवायचे तशी. घरी येताना स्वतःचीच चीड आली. भाऊंनी एक शब्द काढला नाही आणि माझं तोंड बंद झालं.

गुरु., २७ नोव्हें.
संध्याकाळी सोसायटीच्या गेटपाशी भाऊंची सभा. खुर्च्या, माइक, वडापाव. टँकरच्या तक्रारीवर उत्तर द्यायला आले होते. भाऊ म्हणाले, "आम्ही कुणाचं पाणी तोडत नाही. आम्ही वेळ वाटतो. सगळ्यांना समान."
टाळ्या.
माझं वाक्य. उलटं करून, धुऊन-पुसून, त्यांच्या तोंडात.
भोईर स्टेजच्या कडेला उभा. माझ्याकडे बघत होता. मी निघून आले.

शुक्र., २८ नोव्हें.
वाचनालयात जाऊन त्याची वाट बघितली. आला. नजमा काउंटरवर, बाकी कुणी नाही. मी आवाज चढवला नाही.
"ते वाक्य तुम्ही नेलंत."
"व्हय, मॅडम."
"भाऊंना सांगितलंत?"
"भाषनं मीच लिवतो त्यांची. बारा वर्सं झाली."
इतकं साधं. हेर वगैरे काही नाही, लेखनिक. मी तीन आठवडे काय काय रचून बसले होते. पण जरा थांबून विचार केला तर हे जास्त वाईट. हेराने माझ्याविरुद्ध काही नेलं असतं. हा माझंच नेतोय आणि त्यांना देतोय. मी सावध करायला पुस्तकं सुचवते, तिकडे ती मार्गदर्शक म्हणून वापरली जातात.
"आणि टँकरच्या वेळा? त्याही पुस्तकातून?"
त्याने हातातली गणतीवाली चाळली. मग म्हणाला, "ते तुमाला नाय सांगू शकत."
नजमा मध्येच बोलली. ती सहसा बोलत नाही, नवरा कुवेतला, घर आणि वाचनालय एकटी ओढते. म्हणाली, "भोईरभाऊ, इथं येताना भाऊंना बाहेर ठेवून येत जा. नाहीतर येऊ नका."
तो गणतीवाली काउंटरवर ठेवून गेला.

बुध., ३ डिसें.
मंडळाचा निरोप. निवडणुकीपुरता मागचा हॉल प्रचार कार्यालयासाठी लागणार, पुढची खोलीही लागू शकते. "तात्पुरतं." पुस्तकांचं काय, तर बांधून ठेवा.
नजमाचा चेहरा उतरलेला. "तात्पुरतं म्हणजे किती, मॅडम? माझी फिकर नाही, मी कुठेतरी शिवण घेईन. पण एकदा बांधलेली पुस्तकं कोण सोडतं?"
मी म्हटलं बघू. काय बघणार?
भोईर तेव्हापासून आलेला नाही. हे त्यानेच केलं असणार, आम्ही त्याला हाकललं म्हणून. सुरेश म्हणतो हॉल प्रत्येक निवडणुकीत मागतात. मागतात. दर वेळी मिळतोच असं नाही.

सोम., ८ डिसें.
बाजारात बातमी. भाऊ स्वतः उभे राहणार नाहीत, तिकीट पुतण्याला. पुतण्या कर्नाळ्याच्या बाजूला रिसॉर्ट चालवतो, आमच्या गल्लीत कधी दिसलेला नाही. भोईरला कबूल केलं होतं म्हणतात. मासळीवाली कोळीणसुद्धा तेच म्हणाली, "दामूला फसवला हो भाऊंनी. इतकी वर्सं राबला तो."
मला बरं वाटलं. मग वाटलं, बातमी इतक्या लवकर कोळणीपर्यंत पोचली कशी? कुणीतरी पोचवली.

गुरु., ११ डिसें.
दुपारी बेल. दारात भोईर. गाडी नाही, पायी आलेला, चपला बाहेर व्यवस्थित जोडून ठेवल्या. सुरेशने पाणी दिलं.
सरळ मुद्द्यावर आला. अपक्ष उभा राहतोय. अर्जावर सूचक लागतो, त्याच प्रभागातला मतदार. "लय जन हायत सही करनारे. पन ते समदे भाऊंना पन ओळखतात. तुमी कुनाच्याच नाय. पुस्तकं सुचवता ना मॅडम, या येळी मला सुचवा."
मी विचारलं, वाचनालय?
"मी असलो तर हॉलला कोन हात लावनार नाय."
"आणि नसलात तर?"
"तर लावतीलच."
सुरेश खिडकीकडे बघत होता. मला माहीत आहे तो काय विचार करत होता. माणूस बारा वर्षं एकाच्या बाजूला बसतो, आठवड्यात उठतो, आणि सगळ्यांना सोडून माझ्याकडे येतो. या गावात डमी उमेदवार नवे नाहीत. नाराज मतं एका ठिकाणी गोळा करायची, मग माघारीच्या दिवशी अर्ज काढून घ्यायचा आणि सगळ्यांना घेऊन भाऊंच्या मांडवात जायचं. नाहीतर शेवटपर्यंत राहून दुसऱ्या पक्षाची मतं खायची. दोन्हीत भाऊंचाच फायदा.
मी म्हटलं, आत्ता सांगत नाही.
तो उठला. मी थांबायला सांगितलं. आत जाऊन बंडवाली आणली. मागे सरकवलेली ती परवा पुस्तकं बांधताना सापडली, म्हणून घरी घेऊन आले होते.
"ही वाचा. मग बोलू."

शुक्र., १२ डिसें.
इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला स्वतःला फसवता येणार नाही. बंडवालीत पिढ्यान्‌पिढ्या चालणारं एक जहाज. दर काही वर्षांनी कप्तानाची निवडणूक. एक तरुण कप्तानाविरुद्ध उभा राहतो, लोक त्याच्यामागे जातात. शेवटाकडे कळतं की त्याला वाढवलं, चिडवलं, उभं केलं ते कप्तानानेच. आणि तरुणाला हे माहीत नव्हतं. तो प्रामाणिक होता. लोक त्याच्यावर भाळले ते त्या प्रामाणिकपणावरच.
राजकारणावरची एकच विज्ञानकादंबरी सुचवायची झाली तर ही. आजवर मोजक्यांना दिली. ज्यांना दिली त्यांतले निम्मे म्हणाले, शेवट कडू आहे.
भोईरला दिली तेव्हा मला काय हवं होतं? तो दचकावा, आणि दचकला की मला कळावं? की त्यालाच कळावं?
सकाळी तळोज्याच्या कारखान्यांकडून वास. खिडक्या लावून घेतल्या.

शनि., १३ डिसें.
कट्टा झाला, पण उभ्याउभ्याने. खुर्च्या नेल्यात. निम्मी पुस्तकं गोणपाटात. कुणी कट्टा बंद करूया म्हटलं नाही. मी एकही पुस्तक सुचवलं नाही. लोकांनीच एकमेकांना सुचवली. एक आजोबा म्हणाले, मला ती यंत्राची हवी, मत ओळखणारी. नजमाने गोणी सोडून दिली.

सोम., १५ डिसें.
उद्या अर्ज भरायचा शेवटचा दिवस. भोईर सकाळीच आला. डोळे लाल. पुस्तक पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवलं.
"वाचलं?"
"दोनदा."
"मग?"
"त्या पोराला म्हाईतच नव्हतं." पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं, मिटलं. "मॅडम, तुमी मला इचारताय की मी भाऊंचा हाय का. मला बी आता तेच इचारावं लागतंय. तिकीट पुतन्याला देताना भाऊंनी मला समोर बसवलं नाय. फोन बी केला नाय. दुसऱ्याच्या तोंडून कळवलं. इतकी वर्सं भाषनं लिवली त्यांची, मानूस चिडावा म्हनून काय बोलायचं, काय नाय बोलायचं, हे मीच शिकवलं त्यांना."
सुरेश चहा घेऊन आला आणि तसाच उभा राहिला.
"मग मागे घ्या," मी म्हटलं. "उभंच राहू नका."
"नाय राहिलो तर पुतन्या आरामात येतो. राहिलो आनि मी त्यांचाच निघालो, तरी तो येतो. राहिलो आनि मी माझा निघालो, तर बघू." आणि मग: "तुमी संशय घेता म्हनून तुमच्याकडं आलो. बाकी समदे मला दाद देतात."
हे नाटक असेल तर फार चांगलं लिहिलेलं आहे. आणि लिहिण्याचा तर त्याचा धंदाच.
सही केली. सूचक: विजया सुरेश, मतदार यादीतला क्रमांक त्यानेच भरून आणला होता. माझा क्रमांक त्याला आधीच माहीत असणं मला खटकलं. सही केल्यावर खटकलं.

मंगळ., १६ डिसें.
अर्ज दाखल. भाऊंच्या ऑफिससमोरून गेले. मुद्दाम. भाऊ दारात होते, हात जोडून म्हणाले, "या मॅडम, पुस्तकं बरी आहेत ना?" हसले. रागावलेला माणूस असा हसतो का? मला तर ते खूश वाटले.
घरी येऊन सुरेशला सांगितलं. तो म्हणाला, "राजकारणी माणूस हरताना पण हसतो. तू फार वाचतेस त्याच्यात."
वाचायचंच तर काम आहे माझं.

बुध., १७ डिसें.
नजमाच्या कानावर आलं, काल संध्याकाळी भोईर भाऊंच्या गाडीत दिसला. कुणी बघितलं? तिच्या नणंदेच्या शेजारणीने. गाडी भाऊंची होती हे कशावरून? काळी होती.
"काळ्या गाड्या काय कमी आहेत पनवेलमध्ये," नजमा स्वतःच म्हणाली. "पण मॅडम, दिल घाबरतो."
भोईरला फोन केला. उचलला. "आपट्याला हाय, सासऱ्यांची तब्येत." मागे गाड्यांचे आवाज. आपट्याला नदीकाठी त्यांचं घर आहे म्हणाला होता. नदीकाठी इतक्या गाड्या?
विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

गुरु., १८ डिसें.
उद्या माघारीचा शेवटचा दिवस.
दोन अनोळखी नंबरांवरून मिस्ड कॉल. परत लावले तर बंद. सुरेश म्हणे कर्जवाले असतील.
नजमाने गोणपाटातली सगळी पुस्तकं काढून पुन्हा कपाटात लावली. मंडळाच्या माणसाने विचारलं तर म्हणाली, वाळवी बघतेय.

शुक्र., १९ डिसें.
भोईरचा फोन सकाळपासून बंद. सुरेश निवडणूक कार्यालयाबाहेर जाऊन आला. म्हणाला, गर्दी आहे, भोईर आत गेला असं एकजण म्हणतो, आलाच नाही असं दुसरा. माघारीची वेळ आता संपली असेल. यादी कधी लावतील ते कुणालाच माहीत नाही.
दुपारच्या जेवणाची भांडी घासत होते, तर बेल. भोईरची बायको. पहिल्यांदाच बघितली. साधी साडी, हातात कापडी पिशवी, दारातच म्हणाली, "ह्ये इथं आलेत का?"
मी म्हटलं नाही. ती आत आली, बसली. मला लगेच वाटलं, हिला पाठवलंय, मी काय करतेय ते बघायला. मग तिचे हात बघितले. पदराच्या टोकाची पिळून पिळून दोरी झाली होती.
"रोज त्ये पुस्तक वाचायचे. मग बोलायचे नाय. पुस्तक तुमाला परत दिलं तरी बोलायचे नाय. काल बोलले, उद्या मी कसा निघतो ते मलाच बघायचंय. असं काय बोलतात का मानसं?" आणि मग मला सरळ विचारलं, "मॅडम, त्या पुस्तकातला पोरगा शेवटाला काय करतो?"
आजवर शेवट कुणाला सांगितला नाही. शेवट सांगायचा नसतो. आज सांगितला, होता तसा. त्याला सगळं कळतं, मतदानाच्या आदल्या दिवशी. माघार घ्यायची संधी असते. तो सभागृहात उभा राहून सगळं सांगून टाकतो, की मला कप्तानाने उभं केलं, आणि मी तरीही उभा आहे. पुढे मतदान झालं का, कोण जिंकलं, लेखकाने लिहिलेलं नाही.
ती ऐकत राहिली. म्हणाली, "मग त्याच्या घरच्यांनी काय केलं?"
ते पुस्तकात नाही. त्याला घरचे आहेत का हेही कुणी लिहिलेलं नाही. इतक्या वेळा वाचून मी कधी शोधलं नव्हतं.
ती बाहेर बसलीय, सुरेश तिला चहा देतोय. मी आत येऊन हे लिहितेय. तिच्यावर माझा विश्वास आहे का? आत्ता, या मिनिटाला, आहे. तिच्या नवऱ्यावर? माहीत नाही. सही मात्र माझी आहे, ती तिकडे कागदावर आहे, आणि यादीत काहीही लागलं तरी खोडता येणार नाही.
बाहेर फोन वाजतोय. तिचाच. सुरेश म्हणतोय, "घ्या ना, तुमचाच आहे."
ती घेत नाहीये. मला हाक मारतेय, "मॅडम, जरा बाहेर या. ह्यांचा फोन हाय."